वय बघायचे की काम?



गळीत हंगाम जवळ आला की कारखान्याच्या फाटकावरील फळ्यावर दोन कागद लागतात. एक हंगामी कामगारांना कामावर बोलावल्याचा, दुसरा नव्या जागांचा. पहिला कागद आपण सभासद सहसा वाचत नाही. दुसरा मात्र मन लावून वाचतो, कारण घरात पदवी घेऊन बसलेला पोरगा असतो. या दुसऱ्या कागदाच्या तळाशी एक ओळ हमखास असते, की उमेदवाराचे वय ३५ पेक्षा जास्त नसावे. ही ओळ कोणी घातली, का घातली, आणि ३५ च का, ३६ का नाही, हे सभेत कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. म्हणून या अंकात विचारतो आहे. कारखाना आपला आहे, तेव्हा ती ओळही आपलीच झाली.

पुष्कळांची समजूत अशी, की वयावरून माणसाला कामावर न घेणे बेकायदा असणार. तसे नाही. आपल्या घटनेच्या १६ व्या कलमात सरकारी नोकरीत कोणकोणत्या कारणावरून भेद करायचा नाही त्याची यादी दिली आहे. धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास. या यादीत वय नाही. अपंगांसाठी २०१६ चा कायदा आहे. स्त्री-पुरुष भेदाला मजुरीत आणि भरतीत बंदी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यांत मिळवले. त्यांतही वयावरून भेद करू नये असे कलम नाही. उलट वयाची अट घालण्यात सरकारच पुढे. राज्याच्या नोकरीला खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ अशी २०१६ साली ठरली. त्याआधी ती याहून कमी होती. म्हणजे त्या आकड्यात निसर्गाचा काही नियम नाही, तो हलवला की हलतो.

कायद्याला वयाची खालची बाजू मात्र चांगली ठाऊक आहे. १९८६ चा बालकामगार कायदा आणि त्यातली २०१६ ची दुरुस्ती पाहा. १४ वर्षांच्या आतल्या मुलाला कामाला लावायचे नाही, १८ च्या आतल्याला धोक्याच्या कामाला लावायचे नाही. वरच्या बाजूला २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. साठीच्या माणसाला मुलांकडून पोटगी मागता येते. पोटगी मागायचा हक्क दिला, काम मागायचा नाही. ज्याच्या हातापायात अजून बळ आहे, त्या माणसाला पोराच्या दारात उभे करणारा हा हक्क किती गोड लागत असेल ते ज्याचे त्यालाच माहीत.

आणि हे वय तरी खरे कुठे असते? आपल्या भागातल्या पन्नाशी-साठीच्या माणसांचे दाखले काढून बघा. निम्म्यांची जन्मतारीख १ जून निघेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, बाप पोराला घेऊन जायचा, तारीख कोणाला ठाऊक नसायची. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की सहा वर्षे पूर्ण, लिहा १ जून. त्या गुरुजींनी अंदाजाने टाकलेल्या आकड्यावर पुढे माणसाची नोकरी संपते. नोकरीच्या शेवटी जन्मतारीख बदलून मागितली तर कोर्टही ऐकत नाही. अखेरच्या काळात तारखेची दुरुस्ती करून घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. त्यात न्यायालयाचे चुकले असे मी म्हणत नाही. प्रत्येक जण तारीख बदलू लागला तर कारभारच चालायचा नाही. पण ज्या मोजमापाचा पायाच कान धरण्यावर उभा आहे, त्याच्यावर माणसाची कुवत ठरवताना थोडा संकोच तरी असावा.

आता परदेशात काय केले ते पाहू, कारण आपल्यापैकी कित्येकांची मुले तिकडे नोकरीला आहेत आणि त्यांना हा कायदा लागू होतो. अमेरिकेत १९६४ साली नागरी हक्कांचा मोठा कायदा झाला. वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून नोकरीत भेद नको असे त्यात आले. वय राहिले. मग तिथल्या संसदेने मजूरमंत्र्यांना या प्रश्नाचा अभ्यास करायला सांगितले. विलर्ड वर्ट्झ हे त्या वेळचे मंत्री. त्यांचा अहवाल १९६५ साली आला. त्यात आढळले, की खासगी धंद्यात दरवर्षी निघणाऱ्या नोकऱ्यांपैकी सुमारे निम्म्या पंचावन्नच्या वरच्यांना बंद होत्या आणि पाव हिस्सा पंचेचाळीसच्या वरच्यांना. अहवालातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की म्हाताऱ्यांबद्दल कोणाच्या मनात द्वेष असतो असे त्यात म्हटलेले नाही. काळ्या माणसाबद्दल असतो तसा तो नसतो. इथे असते ती नुसती समजूत. म्हातारा हळू काम करतो, नवीन शिकत नाही, आजारी पडतो. समजूत कोणी तपासलेली नसते, म्हणून ती टिकते.

त्यावरून १९६७ साली कायदा झाला. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाने चाळिशीच्या वरच्या माणसाला केवळ वयावरून नाकारायचे नाही, काढायचे नाही, पगारात मागे ठेवायचे नाही. जाहिरातीत वयाची अट घालायची नाही. सुरुवातीला हे संरक्षण ४० ते ६५ पर्यंत होते, १९७८ साली ७० पर्यंत नेले, आणि १९८६ साली वरची मर्यादाच काढून टाकली. अपवाद आहेत. जिथे वय हा कामाचाच भाग आहे तिथे अट चालते. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला वयाची मर्यादा तिथेही आहे, ती २००७ साली ६० ची ६५ केली. इंग्लंडने असा कायदा उशिरा, २००६ साली केला, आणि ६५ ला माणसाला सरसकट घरी पाठवायची मालकाची मुभा २०११ साली काढून घेतली. या कायद्यांनी तिकडे म्हाताऱ्यांचे सगळे भले झाले असे समजू नका. कोर्टात वय हेच खरे कारण होते हे सिद्ध करायचे ओझे कामगारावर असते आणि २००९ च्या एका निकालाने अमेरिकेत ते आणखी जड केले. पण एक गोष्ट झाली. मालकाला कारण सांगावे लागते. "वय झालं" हे कारण म्हणून चालत नाही.

आपल्याकडेही हा वाद एकदा मोठ्या कोर्टात गाजला आहे, तो एअर इंडियाच्या हवाईसुंदरींचा. त्यांना पस्तिसाव्या वर्षी निवृत्त करत. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर त्याआधीच, आणि पहिल्यांदा दिवस गेले तरी नोकरी गेली. त्याच विमानात चढणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्याचे निवृत्तीचे वय ५८. नर्गिस मिर्झा यांच्या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८१ साली निकाल लागला. गर्भारपणाची अट न्यायालयाने रद्द केली. पस्तीसनंतर मुदत वाढवायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर सोडले होते, तेही रद्द केले. नोकरी पंचेचाळीसपर्यंत न्यायची तर ती कोणाच्या मर्जीवर नको असा त्याचा अर्थ. पण वयाचा आकडा आणि बाईपुरुषातला हा फरक मूळातच का, हा प्रश्न तसाच राहिला. लग्नाची अटही राहिली. मला या निकालातला मर्जीचा मुद्दा आपल्या कामाचा वाटतो. वयाची रेघ एकवेळ चालेल, पण रेघेच्या पलीकडे कोणाला घ्यायचे ते साहेबाच्या मनावर, हे नाही चालायचे.

आपल्या कारखान्यात नेमके तेच चालते. हंगामी कामगाराला हंगाम संपल्यावर रिटेन्शन भत्ता मिळतो तो कशासाठी? पुढच्या हंगामाला त्याने यावे म्हणून. म्हणजे तो आपला माणूस असतो, फक्त गाळप बंद असते. पण पन्नाशीच्या आसपास यादीतून एखादे नाव अलगद गळते. लेखी काही नाही. टाइम ऑफिसात विचारले तर "यंदा जागा कमी हायेत" असे उत्तर मिळते, आणि त्याच आठवड्यात त्याच खात्यावर कंत्राटदाराचे पंचविशीतले पोरगे उभे असते. हंगामी माणसाला ग्रॅच्युइटी दर हंगामाला सात दिवसांच्या पगाराची, कायम माणसाला वर्षाला पंधरा दिवसांची. पेन्शन योजनेचे वय ५८. पन्नासाव्या वर्षी ज्याचे नाव गळले त्याने ती आठ वर्षे काय करायचे? दुसरा कारखाना त्याला घेणार नाही, कारण त्यांच्या फळ्यावरही तीच पस्तीसची ओळ आहे. आणि अठ्ठावन्नला मिळणारी किमान पेन्शन किती, तर २०१४ पासून महिना १,००० रुपये. बंद पडून भाड्याने गेलेल्या किंवा विकलेल्या कारखान्यांच्या कामगारांची गत आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. नवा चालक यंत्रे घेतो, गोदाम घेतो, ऊस घेतो. चाळिशीपुढचा कामगार मात्र जुन्या देण्यांच्या यादीत राहतो.

यावर सभासदांचा एक आक्षेप येणार, आणि तो मी हलका समजत नाही. "म्हातारे हलले नाहीत तर आमच्या पोरांनी कुठं जायचं?" ज्याची जमीन दोन एकरांवर आली आहे आणि ज्याने कर्ज काढून पोराला डिप्लोमा केला, त्याने हा प्रश्न विचारला तर त्यात वावगे काय? म्हणून माझे म्हणणे नीट लक्षात घ्या. ठरलेल्या वयाला सर्वांनी निवृत्त व्हावे याला माझा विरोध नाही. राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत हे वय ६० किंवा करार-निवाड्याने ठरेल ते, असे होते. केंद्र सरकारने १९९८ साली आपल्या नोकरांचे ५८ चे ६० केले. असा एक आकडा ठरवा, सर्वांना सारखा लावा, आणि निघताना माणसाचे पैसे त्याच्या हातात द्या. पोरांची वाट त्या दिवशी मोकळी होईल. विरोध आहे तो त्या आकड्याआधी दहा वर्षे माणसाला गुपचूप वजा करण्याला. त्याने पोरांचेही भले होत नाही. काढलेल्या हंगामी माणसाच्या जागी सभासदाचा मुलगा कायम होत नाही, कंत्राटी लागतो. आज जो पंचविशीत कंत्राटावर आहे त्यालाही पंचवीस वर्षांनी हीच यादी भेटायची आहे.

शिवाय जुना माणूस गेला की काय जाते ते पॅनवर जाऊन बघा. रस आटवून पॅनमध्ये दाणा धरतो तो प्रसंग नाजूक असतो. पॅनमन नमुना काढून काचेवर घेतो, उजेडाकडे धरतो, बोटात चोळतो. दाणा सारखा आहे की मध्ये बारीक दाणा पडला, हे त्याला कळते. बारीक दाणा सेंट्रिफ्यूगलच्या जाळीतून मळीबरोबर निघून जातो, म्हणजे आपल्या उसातली साखर मळीत जाते. आता यंत्रे आली आहेत, पडद्यावर आकडे दिसतात, आणि ती यावीतच. पण उसाचा रस रोज सारखा नसतो. जळका ऊस आला, शिळा ऊस आला, पावसात भिजलेला आला, की आकडे बघून गोंधळलेले पोरगे जुन्या पॅनमनकडेच धावते. उताऱ्यात दशांशाचा फरक पडला तर टनामागे एक किलो साखर जाते. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याला ती दहा हजार क्विंटल झाली. तेव्हा त्या माणसाला ठेवणे हा नुसता दयेचा मामला नाही, आपल्या दराचा आहे. मिलवरचा फिटर, बॉयलर अटेंडंट यांचेही तेच. जड उचलायचे काम, उंचावर चढायचे काम, रात्रपाळीचे काम, इथे वयाने फरक पडतो, नाही कोण म्हणतो? तिथे वैद्यकीय तपासणी करा, नाही जमले तर माणसाला हलके काम द्या. तपासणी वयाची नको, कामाची हवी.

तपासणीवरून आठवले. नव्या संहितांबरोबर चाळिशीवरच्या कामगारांची दरवर्षी फुकट आरोग्य तपासणी मालकाने करायची असे आले आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण अमेरिकेत चाळीस हा आकडा संरक्षण सुरू होण्याचा, आणि आपल्याकडे तपासणी सुरू होण्याचा. मला धास्ती अशी, की साखर निघाली, रक्तदाब निघाला, की तोच कागद उद्या यादीतून नाव गाळायला कामी येईल. तपासणीचा अहवाल कामगाराच्या हाती आणि डॉक्टरकडे राहावा, टाइम ऑफिसात जाऊ नये, एवढे आपण आपल्या घरात ठरवू शकतो. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

इथवर मी पगारपत्रकावरच्या माणसाबद्दल बोललो. पण आपल्या उसाला पहिला हात लावणारा माणूस पगारपत्रकावर नाहीच. बीडकडून, नगरकडून, मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड्याला मुकादम वय विचारत नाही, अंग बघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. जोडी तरणी असेल तर उचल भरपूर, पन्नाशीची असेल तर कमी. पहाटे फडात शिरायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. चाळिशीत गुडघे आणि कंबर गेलेली माणसे आपण सगळे दरसाल आपल्याच बांधावर पाहतो. या माणसाला वयावरून कोणी काढत नाही, कारण त्याला कोणी ठेवलेलेच नाही. कारखाना म्हणतो मुकादमाचा माणूस, मुकादम म्हणतो कारखान्याचं काम. अमेरिकेसारखा कायदा उद्या इथे आला तरी तो याच्यापर्यंत पोचणार नाही. त्याचे दुखणे उलटे आहे. कामगाराला वय झाले म्हणून घरी पाठवतात, तोड्याला वय झाले तरी घरी बसता येत नाही. उचल अंगावर असते, ती फिटेतो कोयता खाली ठेवता येत नाही. घटनेच्या ३९ व्या कलमात लिहिले आहे, की गरजेपोटी माणसाला त्याच्या वयाला किंवा बळाला न झेपणारे काम करावे लागू नये. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, कोर्टातून बजावून घेता येत नाही. पण घटना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असाच कोणी तरी असणार.

असंघटितांसाठी केंद्राची श्रमयोगी मानधन योजना २०१९ साली आली. महिन्याला थोडे पैसे भरायचे आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शन. तिच्यात शिरण्याचे वय १८ ते ४० ठेवले. म्हणजे ज्याला पेन्शनची आठवण चाळिशीनंतर झाली, गुडघा दुखू लागल्यावर झाली, त्याला दार बंद. तरण्या तोड्याला मात्र ती घेता येते, आणि त्याचा हप्ता वयाप्रमाणे ५५ ते २०० रुपयांच्या आत असतो. एवढी रक्कम तोडणीच्या बिलातून त्याच्या संमतीने भरायची सोय आपल्या शेतकी खात्याने केली तर फार मोठा खर्च नाही.

एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. संचालक मंडळाच्या निवडणुकीला वयाची वरची मर्यादा नाही. सत्तरीचा उमेदवार उभा राहिला की आपण म्हणतो, "अनुभवी माणूस हाय, असू द्या." आणि ते बरोबरच म्हणतो. अनुभवाला किंमत आहे हे आपल्याला व्यासपीठावर पटते, तर पॅन फ्लोअरवर का पटू नये?

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होईल. तिच्यापुढे ठेवण्यासाठी मी ठरावाचा मसुदा कार्यालयात देत आहे, सूचक-अनुमोदक म्हणून सह्या करायच्या त्यांनी कराव्यात. मसुदा असा: एक, कायद्याने वय ठरवून दिलेले काम सोडून इतर जागांच्या जाहिरातीत वरच्या वयाची अट घालू नये, कामाला लागणारी पात्रता आणि परीक्षा लिहावी. दोन, हंगामी कामगारांना बोलावण्याची यादी खातेवार ज्येष्ठतेने लावावी, आणि ज्याचे नाव वगळले त्याला कारण लेखी द्यावे. कामगार कमी करायचे तर शेवटी आलेला आधी जावा हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे, तेव्हा यात नवीन काही मागितलेले नाही. तीन, निवृत्तीचे एकच वय युनियनशी बोलून ठरवावे आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यावी, जशी कायद्याने द्यायचीच असते. चार, चाळिशीच्या आतल्या तोडणी कामगारांची पेन्शन योजनेत नावनोंदणी शेतकी खात्याने गटवार करावी. चिटबॉय फडात जातोच, त्याच्याजवळ अर्ज द्यावेत. चौथ्या कलमाला काही सभासद हा आपला विषय नव्हे म्हणतील. त्यांनी मसुद्यावर सही करू नये, पण सभेत उभे राहून ते बोलावे, म्हणजे उत्तर देता येईल.

— एक सभासद